तुझीच समज

कलम १. सदर वाहन आजपासून चालकाच्या ताब्यात देण्यात येत आहे.

"म्हणजे आपली झाली ना गो?" गंगुबाईंनी विचारलं. मांडीवर नारळ, नारळावर पेढ्यांचा पुडा, पुड्यावर दोन्ही हात. टॅक्सी लालबाग सोडून भायखळ्याला वळली होती.

"झालीच समज, आजी." आकांक्षा हातातला, अजून सही न केलेला करार वाचत होती.

हे ‘समज’ रघुवीरशेठचं. आकांक्षा गेले आठ महिने त्यांच्याकडे पगारावर ट्रक चालवत होती. काल ते म्हणाले, "पगारावर किती दिवस काढणार? लीजवर घे. महिन्याला हप्ता कापून घेईन, पाच वर्षांनी कागद तुझ्या नावावर. आत्तापासून तुझीच समज." संध्याकाळी तिने हे चाळीत तिसऱ्या मजल्यावर सांगितलं. बातमी जिना उतरून तळमजल्यावर पोचेपर्यंत ‘समज’ मधेच कुठेतरी गळून पडलं होतं. खाली नुसतं पोचलं : गाडी आकांक्षाची.

मग काय विचारता! कॅरमच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली. शेजारच्या कौसल्याबाईंनी शिरा केला. आणि आजोबांनी पलंगाखालून ब्रश काढले.

कलम ४. टायर, दुरुस्ती व विमा यांचा सर्व भार चालकावर राहील.

तिने धम्मपालदादाला फोन लावला. ट्रक चालवायला तिला त्यानेच शिकवलं होतं. आता त्याचा स्वतःचा ट्रक होता.

"दादा, तू पण लीजवरच घेतलेलीस ना?"

"घेतली की. पण बारा वर्षं दुसऱ्याची चालवून. गाडी कुठल्या घाटात रडते, कुठला मिस्त्री फसवतो, सगळं पाठ झाल्यावर. तुला अजून क्लचचा आवाज कळत नाय, तिची दुखणी कशी काढशील?"

"म्हणजे नको घेऊ?"

"मी कशाला नको म्हणू? नीट वाच एवढंच. आणि पेढे ठेव माझ्यासाठी."

"तुला कसं कळलं पेढ्यांचं?"

"तुझी आजी मागे बोलतेय ना, पुडा दबला म्हणून!"

कलम ९. मालकाच्या परवानगीशिवाय वाहनाच्या रंगरूपात कोणताही

एवढं वाचलं आणि टॅक्सी वाडीबंदरला शेठच्या ऑफिसापाशी थांबली. समोरच ट्रक उभा. ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी स्टुलावर उभे आजोबा. फाळक्यावर हातभर उंचीची, लाल रंगाची, पिवळ्या सावलीची अक्षरं : आकाक्षा.

गिरणी बंद पडल्यावर दौलतआजोबांनी ब्रश धरला होता. वाण्यांच्या पाट्या, गणपती मंडळांचे बोर्ड, सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आले आणि ब्रश पलंगाखाली गेले. आज पहाटे उठून, कुणाला न सांगता, डबे पिशवीत घालून ते इथे आले होते.

"गावच्या देवाचा, वेतोबाचा नाव पयला घालूक नको?" गंगुबाई टॅक्सीतूनच कडाडल्या.

"वेतोबा पुढे. काचेच्या वर. जागा ठेवलंय."

तेवढ्यात ऑफिसातून रघुवीरशेठ धावत आले. "अरे बाबा! कोणी रंगवली माझी गाडी?"

माझी.

आकांक्षा टॅक्सीतून उतरली. "शेठ, काल तर माझी होती."

"तुझीच समज म्हटलं ना मी!"

"टायर फुटला तर कोणाचा?"

"तुझा."

"इंजिन बसलं तर?"

"तुझं. लिहिलंय ना."

"दुसऱ्याचा माल भरला तर?"

"तसं कसं? माल माझाच भरायचा."

"आणि नाव?"

"नाव कंपनीचं," शेठ म्हणाले आणि स्वतःच जरा ओशाळले. वाईट नव्हता माणूस.

कलम १२. चालकाने नोकरी सोडल्यास किंवा मालकाने कामावरून कमी केल्यास वाहन मालकाकडे परत जाईल.

हे तिने मोठ्याने वाचलं. स्टुलावरचा ब्रश थांबला.

"माझे चार साचे होते," आजोबा म्हणाले. "माग गो, कापड विणायचे. माझे, असाच म्हणायचो. दसऱ्याला झेंडू बांधायचो, खडूने नाव घालायचो. मालकान पण कधी नाय म्हटला नाय." त्यांनी ब्रश डब्याच्या कडेवर निथळला. "मग गेट बंद झाला. मी भायर, माझे साचे आत."

आकांक्षाने कराराच्या चार घड्या केल्या आणि तो शेठच्या हातात दिला.

"शेठ, मी पगारावरच बरी. आधी आवाज शिकते. मग घेईन. अशी घेईन, की तिला रंगवायला कोणाला विचारायला नको."

शेठनी श्वास सोडला. "ठीक आहे. उद्या नाशिकची ट्रिप आहेच. पण हे आधी पुसा, बाबा."

"पुसतो. टिंब रवलाय."

"काय राहिलंय?"

"‘का’वरचा टिंब. अर्धवट नाव मी आजपर्यंत कोणाचा सोडूक नाय."

आजोबांनी ब्रश बुडवला, डावा हात उजव्या मनगटाखाली धरला आणि टिंब दिलं. गोल, भरलेलं, पिकल्या लिंबाएवढं. त्याला पिवळी सावलीही दिली. आकांक्षाने फोटो काढला. मग एकात आजी, एकात आजोबा आणि एकात चक्क शेठ, तोंडात पेढा.

"फोडू काय?" गंगुबाईंनी नारळ वर केला.

"आता कित्याक?" आजोबा म्हणाले.

"चेडू फसला नाय म्हणून!" आजीने नातीकडे मान उडवली.

नारळ फुटला. पाणी नेमकं शेठच्या बुटांवर उडालं आणि आकांक्षा इतकी हसली की टॅक्सीवालाही हसायला लागला. त्याला भाडं मिळायचं होतं, पण आधी खोबरं मिळालं.

मग आजोबांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आधी टिंब, मग क्षा, मग का, मग आ.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा नाशिकच्या रस्त्याला लागली, तेव्हा मागून येणाऱ्या गाड्यांना तिचा फाळका दिसत होता. सगळा धुळकट, आणि मधोमध तीन अक्षरं मावतील एवढी जागा लख्ख.