पुसता न आलेले मामा

मित्रांनो, शेवटी मामा नकाशातच राहिले.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजा. मामा कोण, नकाशा कसला, तुम्हाला काही ठाऊक नाही, आणि मी अजून सुरुवातही केलेली नाही. आता करतो.

मी एक जुना लेझर स्कॅनर आहे. तिपाईवर उभा राहतो, मान गोल फिरवतो आणि समोर जे दिसेल त्यावर प्रकाशाचा किरण फेकतो. किरण भिंतीवर आपटून परत येतो. त्याला किती वेळ लागला यावरून भिंत किती लांब आहे ते मला कळतं, आणि मी तिथे एक ठिपका मांडतो. असे लाखो ठिपके मांडले की संगणकाच्या पडद्यावर अख्खी खोली उभी राहते. याखेरीज मला काहीही येत नाही. पण हे एक इतकं चांगलं येतं की बाकीचं यावं असं कधी वाटलंच नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या अतिशय स्वच्छ खोलीत झाला. माझ्या आरशावर धूळ बसू नये म्हणून तिथली माणसं डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधून काम करायची. त्यामुळे लहानपणी माझी समजूत होती की माणसाला फक्त डोळे असतात. पुढे मी विद्यापीठात आलो आणि तिथे पहिल्यांदा नाक पाहिलं. घाबरून मी त्याचंही अंतर मोजलं.

माझ्यापुरतं विद्यापीठ म्हणजे जुन्या वास्तूंचा अभ्यास करणारा एक विभाग. तिथले मुख्य प्राध्यापक सगळ्या जगाकडे ठिपके म्हणूनच बघत, म्हणून विद्यार्थी त्यांना बिंदूसर म्हणत. सरांचा एकच नियम होता. "जे दिसलं ते मांडायचं. जे दिसलं नाही ते मांडायचं नाही." हा नियम ते घरीही पाळत. गॅसवरचं दूध उतू गेलं तेव्हा, "मला दिसलं नाही," असं त्यांनी बायकोला शांतपणे सांगितलं होतं. त्या आठवड्यात सर विभागात जरा जास्त वेळ बसत.

मित्रांनो, माझ्या उमेदीच्या काळातलं कौतुक काय सांगू! मला पेटीतून बाहेर काढताना दोघं दोन बाजूंनी धरायचे. मी मोजलेला जुना पूल ते पडद्यावर असा फिरवायचे जणू तळहातावर ठेवलाय. एखादा घुमट कलिंगडासारखा मधोमध कापून त्याची जाडी बघायचे, आणि खऱ्या घुमटाला ओरखडाही यायचा नाही. ज्या भिंतीला लोक पिढ्यान्‌पिढ्या सरळ समजत होते ती बोटभर कलली आहे, हे ठिपक्यांवरून ओळखणारी ही माणसं बघून माझी मान फिरायची. ती तशीही फिरायचीच, पण अभिमानाने फिरायची.

फक्त एक अडचण होती. मी मान फिरवत असताना जो समोर येईल तो नकाशात यायचा. म्हणून सगळ्यांनी माझ्या पाठीमागे राहायचं, आणि माझी पाठ फिरेल तसं फिरायचं, अशी विभागाची रीत होती. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं वाकून, बदकासारखी, एकामागून एक माझ्याभोवती गोल चालायची. एकदा भर चौकात एक वाटसरू काही न विचारता त्या रांगेत शिरला. एक फेरी पूर्ण झाल्यावर त्याने पुढच्याला हळूच विचारलं, "इथे काय मिळतं?"

"पीएचडी," पुढचा म्हणाला.

वाटसरू रांगेतून बाहेर पडला.

ती पीएचडी ताईला हवी होती. ताई म्हणजे सरांची विद्यार्थिनी. तिचा विषय होता जुन्या बाजाराची एक गल्ली. ही गल्ली पाडून तिथून रुंद रस्ता जाणार होता. गल्ली आधी संपते की प्रबंध, अशी शर्यत लागली होती, आणि दोघांचा वेग पाहता गल्लीच जिंकणार हे मलाही दिसत होतं. गल्लीच्या वळणावर घड्याळदुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान होतं. ते ताईच्या सख्ख्या मामांचं. शाळा सुटल्यावर ताई तिथेच बसून गृहपाठ करायची. आता ते दुकान पाडलं जाण्याआधी जसंच्या तसं नकाशात यावं, एवढीच तिची इच्छा होती. प्रबंध हे निमित्त होतं, असं मला वाटतं. सरांना सांगू नका.

दुकान इतकं लहान की माझी तिपाई दारातच मावली. दुसरी जागाच नव्हती. समोर टेबल, टेबलामागे स्टुलावर मामा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि पाठीमागे भिंतभर घड्याळं.

"मामा, बाहेर ये ना जरा. स्कॅन सुरू करायचाय."

"आत्ता नाही उठता येणार बाळा. स्प्रिंग उघडी पडलीय."

"अरे, पाचच मिनिटं!"

"पाच मिनिटं तर मी श्वाससुद्धा घेणार नाहीये. ही उडाली ना, की शोधायला तुझं ते बुजगावणंही पुरायचं नाही."

बुजगावणं म्हणजे मी. मी मनाला लावून घेतलं नाही. ताईने डोक्याला हात लावला आणि मला सुरू केलं. तिला काळजी नव्हती, कारण माणसं पुसायची आमची एक युक्ती होती. प्रत्येक जागेवरून मी दोन फेऱ्या मारायचो. दोन्ही फेऱ्यांत जे तसंच दिसलं ते संगणक ठेवायचा आणि जे हललं ते पुसायचा. माणूस म्हटला की हलतोच.

मामा हलले नाहीत.

विभागात परतल्यावर संगणकाने गल्ली स्वच्छ केली. गिऱ्हाईकं गेली, सायकलवाला गेला. एक कुत्रा झोपेत शेपूट हलवत होता, त्याची फक्त शेपटी गेली. उरलेला कुत्रा ताईने हाताने पुसला, आणि त्याच्या मागचा ओटा दुसऱ्या जागेवरून दिसलेला होता, त्यामुळे तिथे भोक पडलं नाही. मग दुकान उघडलं, तर आत मामा! चिमट्यासकट, भिंगासकट, ठिपका न्‌ ठिपका जागेवर. संगणकाने त्यांच्यावर चिठ्ठी लावली होती: फर्निचर.

ताई हसून हसून बेजार झाली. पुढे गल्ली पडली, तेव्हा ती तो नकाशा उघडून बराच वेळ बसली होती. तेव्हा मात्र हसली नाही. मामा आता घरी बाल्कनीत स्टूल टाकून बसत. गिऱ्हाईक येत नसे, म्हणून ते चांगली चालणारी घड्याळं उघडत. मामी वैतागल्या होत्या.

प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. त्यांचा शेरा आला, तो असा की काम उत्तम आहे, पण दुकानात माणूस बसला आहे. माणूस काढा, मगच मंजुरी.

ताईने मामांना निवडलं आणि पुसलं. मामा गेले आणि भिंतीत मामांच्या आकाराचं काळं भोक पडलं. डोकं, खांदे, एक कोपर. मित्रांनो, मला माणसाच्या आरपार दिसत नाही. त्यांच्यामागची भिंत मी कधी पाहिलीच नव्हती, आणि आता पाहायला भिंत उरली नव्हती. शेजारची घड्याळं उचलून तिथे चिकटवली असती तर कुणाला कळलं नसतं. ताईने हात थांबवला, मामांना पडद्यावर परत आणलं, आणि खऱ्या मामांना विभागात बोलावलं.

मामा पडद्यासमोर बसले आणि स्वतःकडे बघत राहिले.

"हा असा तोंड वाकडं करून बसतो मी?"

"रोज."

"मग बोलली नाहीस कधी."

"मामी सांगते की रोज."

"ती सांगते ते मी ऐकत नाही."

"मामा, नीट आठव. तुझ्या पाठीमागे भिंतीवर काय होतं?"

मामांनी डोळे मिटले. सगळा विभाग श्वास रोखून थांबला. मामांनी डोळे उघडले.

"मला काय माहीत? मी कायम पाठ करून बसायचो."

तेव्हा बिंदूसर उठले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. "कुणालाच दिसलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे मांडायचं नाही."

तोंडी परीक्षेच्या दिवशी मलाही पुरावा म्हणून खोलीत उभं केलं होतं. मामा बाहेर बाकावर बसले होते. परीक्षकांनी चष्मा पुसला.

"ताई, प्रबंधात नातेवाईक बसवता?"

"बसवला नाही सर, तो बसलेलाच होता," ताई म्हणाली. "तीनच मार्ग आहेत. मामा ठेवायचा, भोक ठेवायचं, नाहीतर न पाहिलेली भिंत खोटी काढायची. खोटी भिंत मी काढणार नाही. आणि भोक ठेवलं तर दुकानात जे खरंच होतं ते मी पुसलं असं होईल."

परीक्षक पडद्याजवळ गेले. मामांचा हात मोठा करून बघू लागले. "यांच्या चिमट्यात काय आहे?"

"स्प्रिंग. ती इतकी बारीक आहे की स्कॅनरला दिसली नाही. पण ती उडू नये म्हणून मामा हलला नाही."

परीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. "हे मागे पडतं," ते म्हणाले. "बाहेर बसलेत तेच का हे?"

प्रबंध मंजूर झाला. फर्निचरची चिठ्ठी काढून ताईने नवी लावली: दुकानदार, स्वतःच्या जागेवर. आणि मामांना बऱ्याच दिवसांनी मागे पडणारं घड्याळ मिळालं.

मित्रांनो, हे सगळं होऊन गेलं. आता विभागात नवा स्कॅनर आला आहे. तो हातात धरून चालत चालत मोजतो. फार हुशार पोर आहे, उगाच का नावं ठेवू? त्याच्याभोवती कुणाला बदकासारखं फिरावं लागत नाही, याचंच थोडं वाईट वाटतं. मी पेटीत, कपाटावर असतो. माझ्यावर छत्र्या वाळत घालतात. तुमच्याकडे असं एखादं यंत्र असेल तर त्याचा आरसा मऊ कापडाने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. त्याची बॅटरी आत कुजू देऊ नका. आणि त्याने जे पाहिलं नाही, ते त्याच्या नावावर खपवू नका.

आता एकच गोष्ट राहिली. मला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही. जिथे मी उभा राहतो तिथे नकाशात एक गोल काळी जागा उरते. गल्लीत त्या सगळ्या जागा मी दुसऱ्या ठिकाणांवरून मारलेल्या फेऱ्यांनी भरून निघाल्या. मामांच्या दुकानात मात्र मी एकाच ठिकाणी उभा होतो, त्यामुळे तिथला गोल तसाच आहे. दारात, मामांच्या बरोबर समोर. सगळ्या जगाच्या नकाशांत मी तेवढाच आहे.

तरी विभागप्रमुखांना सविनय विनंती करण्यात येते की, सदर गोल जागा कोणत्याही कारणास्तव भरण्यात येऊ नये, तिची नोंद अर्जदाराचा कायमचा पत्ता म्हणून करण्यात यावी, आणि अर्जदाराच्या नावे येणारं सर्व टपाल समोरच्या दुकानदारांकडे देण्यात यावं. ते जागेवरच असतात.