मुळाच्या टोकाशी

विजेवर चालणारी नवी ड्रिल आल्यापासून दातांच्या डॉक्टरची स्वारी हवेत होती. जुनी हवेवरची ड्रिल जन्मभर कानाशी किंचाळली, हिचा म्हणे आवाजच नाही. येईल त्याच्यापुढे हेच कौतुक. नर्स मात्र खाली मान घालून ट्रे लावायची.

आज खुर्चीत त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं. दाढ आतून मेलेली, म्हणून भूल दिली नव्हती. त्याने दाढेच्या मुळात बारीक सुई घातली. सुईला जोडलेलं यंत्र मुळाचं टोक आलं की टीं टीं वाजतं. तिथेच थांबायचं, पुढे जिवंत मांस. पडद्यावरही दिसतं सगळं, पण हा पठ्ठ्या दातावरची नजर हलवायचा नाही. सगळी भिस्त कानावर.

"पोचलं, डॉक्टर," नर्स हळूच म्हणाली. हल्ली ती असं मध्येच बोलायची.

"मला कान आहेत, बाई. तुम्ही कापूस द्या."

त्याने सुई आणखी जराशी सरकवली. ताईने खुर्चीचा हात गच्च धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्याने सुई चटकन काढली. "यंत्र बिघडलंय. वाजलंच नाही."

"अरे, केव्हाचं कोकलतंय," ताई गाल धरून म्हणाली. "मला वाटलं, तुझं तुला कळत असेल. आणि तुझी ती नवी ड्रिल, मघाशी कान किटले माझे."

त्याने नर्सकडे पाहिलं. "आवाज वाढवा."

"पूर्ण मोठाच आहे. म्हणून तर मी सांगत असते."

हात शाबूत, नजर शाबूत, बोलणंही ऐकू यायचं, पण ज्याच्या भरवशावर लोकांच्या तोंडात हात घातला तो कान बारीक, चिरक्या आवाजाला बहिरा झाला होता. केव्हा झाला, याचाही पत्ता नाही. नर्स नसेल त्या दिवशी कुणाकुणाला असं टोचलं असेल, देव जाणे.

"चल, पुरं कर," ताई म्हणाली. "वाजलं की मी हात वर करते."

त्याने पुन्हा सुई घातली. त्याच्या लेखी खोलीत चिडीचूप. ताईचा हात वर गेला.

त्याने सुई काढली, दाढेत तात्पुरतं औषध भरलं आणि बाहेर बसलेल्यांना घरी पाठवायला सांगितलं.

"उद्या बोलावू का त्यांना?" नर्सने विचारलं.

हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.