चाळीसपैकी एकतीस

टेंभुर्णीत नवार विणणारी एकच बाई होती, चांगुणाबाई. लग्नाआधी अंबडच्या एका केंद्रात ती हे काम शिकली होती. नवरा संपत गवंडीकामासाठी औरंगाबादेत असायचा आणि महिन्यातून दोनदा यायचा. ओसरीत माग मांडलेला होता. गावातल्या निम्म्या खाटा तिच्याच नवारीने भरलेल्या होत्या.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत हायस्कूलचे हेडमास्तर अप्पाराव तिच्या दारात आले. पंधरा ऑगस्टला चाळीस मुलांचं संचलन करायचं ठरलं होतं आणि तहसीलदार येणार होते. मुलांच्या कमरेला खाकी पट्टे असावेत असं सरांच्या मनात होतं.

"नवार म्हणजे पट्टाच की, बाई," सर म्हणाले. "फक्त अरुंद विणायची आणि खाकी रंगवायची."

"बराबर हाय सर. करते मी."

दोन आठवड्यांत तिने पट्टे केले. लोहाराने पत्र्याची बकलं करून दिली, मध्ये टोकदार काटा असलेली, आणि तापल्या सळईने पट्ट्यांना भोकं पाडून दिली. पहिल्या दिवशी सगळं नीट दिसलं. दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना पावसाची सर आली. खाकी रंग पांढऱ्या सदऱ्यांवर उतरला. वाळल्यावर पट्टे आखडले आणि कडेने गुंडाळून दोरीसारखे झाले. काट्यांनी भोकं फाडली. तिसऱ्या दिवशी एका मुलाचा पट्टा सलामी देतानाच सुटून पडला.

अप्पाराव गाठोडं घेऊन परत आले. ते रागावले नव्हते.

"बाई, मुलांच्या आया सदरे घेऊन माझ्या घरी येऊ लागल्यात," एवढंच ते म्हणाले. "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी पट्ट्यांशिवाय संचलन करतो."

"चार दिवस द्या," चांगुणाबाई म्हणाली. चार दिवसांत काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

दोन गल्ल्या सोडून तिचे मामा राहायचे, साहेबराव. सदुसष्ट साली ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. बासष्ट आणि पासष्ट, दोन्ही लढायांच्या वेळी ते फौजेत होते, म्हणून गावात त्यांना मान होता. सव्वीस जानेवारीला, चौदा एप्रिलला आणि पंधरा ऑगस्टला ते पांढऱ्या सदऱ्यावर लष्कराचा पट्टा लावून बाहेर पडत. बाकीचे दिवस तो पट्टा पेटीत असे.

तिने गाठोडं त्यांच्यासमोर सोडलं. मामांनी एक पट्टा उचलला, दोन्ही हातांनी ताणला, नखाने कड उकलून पाहिली.

"ही नवार हाय, चांगुणा. हिच्यावर माणसानं झोपायचं. पट्ट्याची वीण येगळी."

त्यांनी पेटीतून आपला पट्टा आणला आणि बोलायला लागले. एरवी कमी बोलणारा माणूस, पण या एका विषयावर त्यांना थांबवणं कठीण होतं.

"आधी इंग्रजांच्या फौजेत चामड्याचे पट्टे व्हते. भिजले की फुगायचे, वाळले की तडकायचे. आफ्रिकेत बोअरांच्या लढाईत लई तरास झाला. तवर एका अमेरिकी साहेबानं कापसाच्या जाड विणीत काडतुसांचे कप्पे काढून दाखवले व्हते. शिवण न्हाई, मागावरच काढलेले. मंग इंग्रजांनी एकोणीसशे आठ साली समदा सरंजामच कापडी केला. त्याच्यानंतरचा हा सदतीस सालचा नमुना. बकल बघ. काटा हाय का?"

काटा नव्हता. पितळेचे दोन भाग होते, एक दुसऱ्याच्या खाचेत अडकायचा.

"काटा न्हाई म्हणून भोक न्हाई. भोक न्हाई म्हणून फाटायचं काम न्हाई. कंबर लहानमोठी झाली तर टोकं आत दुमडायची. हे आकडे बघ, आतल्या कप्प्यात बसतेत. अंगावर उंचवटा म्हणून येत न्हाई."

चांगुणाबाईने पट्टा उलटसुलट केला. वरून बघितला तर साधी वीण दिसत होती, पण बोटांत धरल्यावर तो एकपदरी वाटत नव्हता. दोन पट्ट्या एकावर एक होत्या आणि तरी सुट्या होत नव्हत्या.

"मामा, हा थोडा उसवून पाहू द्या मला."

मामांनी पट्टा तिच्या हातातून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. मग शेतात काम आहे म्हणून निघून गेले. त्यांना शेत नव्हतं.

पुढचे दोन दिवस चांगुणाबाईने आठवणीवरून विणून पाहिलं. तिने ताण्याचे उभे धागे दुप्पट घेतले आणि आडव्या धाग्याचा धोटा एकदा वरच्या पदरातून, एकदा खालच्या पदरातून फिरवला. हातभर विणून झाल्यावर बोट घालून पाहिलं तर बोट आरपार गेलं. पट्ट्याऐवजी कंदिलाच्या वातीसारखी पोकळ नळी तयार झाली होती. तिने ती कापून टाकली आणि मामांकडे गेली.

मामा अंगणात बसले होते. तिला पाहून उठले नाहीत.

"मला ठाऊक हाय कशाला आली ते," ते म्हणाले. "बस. एक गोष्ट सांगतो. मी लढाईत न्हवतो."

ती बसली.

"बासष्टला मी पुण्याकडं डेपोत व्हतो. पासष्टलाबी तिथंच. पंधरा वर्षं स्टोअरमधे काढली. पट्टे आले की मोजायचे, तपासायचे, बांधून पुढं धाडायचे. आपल्या गल्लीतली पोरं सीमेवर गेल्ती, मी गठ्ठे बांधून राह्यलो. सुट्टीत आलो की लोक इचारायचे, हवालदार, चिनी कसा दिसतो? पैल्यांदा गप बसलो. मंग ते तसंच चालत गेलं." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "हा पट्टा बाद झालेल्या मालातला. जाताना आमच्या साहेबानं दिला. हा लावला की मी शिपाई. न्हाई तर गोदामातला माणूस. आन् तू म्हणती उसवू द्या."

चांगुणाबाईला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण लहानपणी तिने मैत्रिणींना मामांच्या लढाईच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या.

"गोदामात नसता तर पट्ट्यातलं इतकं तुम्हाला कुठून कळलं असतं?" ती म्हणाली. "लढणाऱ्याला कमरेला काय हाय ते बघायला सवड असती का?"

मामा हसले नाहीत. पण पेटी उघडून त्यांनी पट्टा कमरेला लावला आणि दुमडलेली टोकं चाचपली. निवृत्तीनंतर त्यांची कंबर उतरली होती. डावीकडे वीतभर पट्टी आत दुमडलेली होती, बाहेरून कुणाला दिसत नव्हती.

"एवढी घे," ते म्हणाले. "आकडा सोडवून मला परत दे. पुन्हा शिवून लावीन मी."

कात्री त्यांनी स्वतःच चालवली.

वीतभर तुकडा उसवायला चांगुणाबाईला दोन दिवस लागले. प्रत्येक धागा ती क्रमाने पाटावर ताणायची आणि बाभळीच्या काट्याने टोचून ठेवायची. दुसऱ्या दुपारी तिला कळलं. दोन पदरांच्या मध्ये जाड धागे सरळ पडून होते, ते विणीत वरखाली होतच नव्हते. आणि काही बारीक धागे वरच्या पदरातून खाली उतरून पुन्हा वर जात, तेच दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवत. ताण पडला की तो मधले धागे घेत. म्हणूनच पट्टा लांबत नव्हता.

तिच्या मागाला ताणा उचलणाऱ्या दोनच चौकटी होत्या. भिवा सुताराने आणखी चार बसवून दिल्या. सूत आधी उकळून, मग रंगवून, मगच मागावर चढवायचं, हे मामांनी सांगितलं. लोहाराला त्यांनी आपलं बकल दाखवलं. पितळ ओतणं त्याच्याकडून होईना, म्हणून त्याने जाड लोखंडी तार वाकवून आकडा आणि खाच केली. बकल दिसायला ओबडधोबड, पण सुटत नव्हतं. चार दिवसांचा आठवडा झाला तेव्हा अप्पाराव आले, मागावरचा हातभर तुकडा ओढून पाहिला आणि पंधरा ऑगस्टपर्यंत थांबायला कबूल झाले.

रोज सकाळी मामा ओसरीवर येत. तयार पट्टा बादलीत बुडवत, पिळत, पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग उतरतो का बघत, मग वाळवून गजाने मोजत. एकदा त्यांनी पट्टा आढ्याला बांधला आणि स्वतः लोंबकळले. चांगुणाबाईची सासू घाबरून बाहेर आली.

"हा बाद," ते म्हणत. "कड ढिली हाय."

"मामा, पोरांना संचलनच करायचंय, लढाईला न्हाई जायचं."

"कड ढिली हाय."

पट्टा परत मागाकडे जाई. ती रागाने धागा ठोके आणि पुढचा जास्त घट्ट येई.

चौदा ऑगस्टच्या दुपारपर्यंत एकतीस पट्टे पास झाले. नऊ बाद ठरले. अप्पाराव म्हणाले, बाद असले तरी चालतील, लांबून कुणाला कळणार आहे? मामांनी ते नऊ पट्टे द्यायला साफ नकार दिला. चांगुणाबाईने सरांकडे पाहून मान हलवली, मामांच्याच बाजूने.

दुसऱ्या दिवशी नऊ मुलं पट्ट्यांविना मागच्या रांगेत चालली. सकाळी पाऊस पडून गेला होता, मैदानात चिखल होता. एकही पट्टा सुटला नाही. झेंडावंदनानंतर अप्पारावांनी तहसीलदारांना साहेबरावांची ओळख करून दिली.

"आपल्या गावचे हवालदार साहेबराव. दोन युद्धं यांनी पाहिली. हाच पट्टा लावून ते शत्रूशी लढले. त्याच पट्ट्यावरून आज मुलांचे पट्टे बनलेत."

टाळ्या झाल्या. मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते पुढे आले आणि सावधान उभे राहिले.

"सर बोलले त्यात एक चूक हाय," ते म्हणाले. "मी लढलो न्हाई. मी स्टोअरमधे व्हतो, पट्टे तपासायचो. हा पट्टा लढाईत गेलेला न्हाई. पोरांच्या कमरेचे पट्टे माझ्या भाचीनं विणले, चांगुणानं. ती तिकडं बसलीय. उठ गं."

चांगुणाबाई बायकांच्यात बसली होती. ती उठली, काय करावं ते न कळून नमस्कार केला आणि पटकन खाली बसली. टाळ्या थोड्या उशिरा आणि तुटक वाजल्या. पुढच्या खुर्चीवर गावचे मोठे शेतकरी रखमाजी बसले होते. ते शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मंग इतकी वर्षं गप का बसला व्हता?" मामांनी ऐकलं. ते आपल्या जागेवर जाऊन बसले. तहसीलदारांनी एका मुलाचा पट्टा सोडवून हातात घेतला, ओढून पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि चहाला गेले.

त्यानंतर महिनाभर मामा पारावर गेले नाहीत. काहींनी त्यांच्या मागे हसून घेतलं. हळूहळू ते थांबलं. लोक त्यांना हवालदारच म्हणत राहिले, सवयीने.

पुढच्या वर्षी शाळेने जालन्याहून रेक्झिनचे चकचकीत पट्टे आणले. चांगुणाबाईला ते लागलं. पण दुहेरी पट्टी विणणं तिने सोडलं नव्हतं. बैलगाडीवाल्यांना ती आवडली होती, जुवाला बांधायला, बैलाच्या छातीखालून घ्यायला. सुंभाने कातडी सोलवटते, हिने सोलवटत नाही.

एकदा रखमाजी स्वतः आले. दोन बैलांसाठी पट्ट्या हव्या होत्या. चांगुणाबाईने विचारलं, छाती किती हात भरते? त्यांनी मोजलं नव्हतं. ओसरीवर मामा बादलीशी बसले होते.

"हवालदार," रखमाजी म्हणाले, "बैलाच्या पट्टीलाबी तुमची तपासणी लागती का?"

"माणूस निदान बोंबलतो," मामा म्हणाले. "बैल काय सांगणार?"

रखमाजींनी मापाची दोरी मागून घेतली आणि बैल मोजायला घरी गेले.