तिसरं चाक

मी धुळाजींची फटफटी. कागदावर माझं नाव राजदूत आहे, पण राजूरच्या अलीकडे असलेल्या आमच्या वाडीत त्या नावानं मला कधी कुणी हाक मारली नाही. मी आले तेव्हा वाडीत दुसरं इंजिनच नव्हतं, त्यामुळे फटफटी म्हटलं की मीच. माझं वय झालंय, आवाजही थोडा बसलाय. पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि आज बोलायची हुक्कीही आलीय.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ऑइलचा वास, हातोड्यांचा आवाज आणि माझ्यासारख्याच बहिणींची लांबलचक रांग. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते जुन्या जालन्यातल्या एका दुकानासमोर. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक उंच तरुण माझ्याभोवती फिरला. मेंढीच्या पाठीवर मारावी तशी त्यानं माझ्या टाकीवर थाप मारली आणि दुकानदाराला विचारलं, "चारा काय खाती ही?"

"पेट्रोल खाती. अन् त्यात थोडं ऑइल मिसळावं लागतं."

"मंग बराबर हाय. आमच्या मेंढ्यांला बी पेंडीत मीठ लागतंय."

तेच धुळाजी. मेंढ्या राखत वाढलेले, वडिलांच्या काळात थोडी जमीन झाल्यावर वाडीला स्थिरावलेले. मला घेऊन ते ऐटीत घरी आले, आणि माझा आवाज ऐकताच त्यांचाच कळप उधळून डोंगराकडे पळाला. सगळ्या मेंढ्या गोळा करता करता संध्याकाळ झाली. नवी नवरी सुगंधाबाई दारातच उभी होती.

"एक जनावर आणलं अन् सारा मेंढवाडा घालवला," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून तीच आधी माझ्या पाठीवर बसली.

माझी उमेदीची वर्षं धावपळीत गेली. लोकरीची गाठोडी, दुधाची किटली, पोत्यातून मान बाहेर काढलेलं आजारी कोकरू, जनावरांचा डॉक्टर, अडलेल्या बाईसाठी आणलेली सुईण, असं सगळं मी वाहिलं. माणसांच्या काही सवयी मला तेव्हाच कळल्या. गाडी बघायला आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो, आणि कुणी पाहत नाही असं वाटलं की आरशात भांग पाडतो. वाडीतल्या किती नवरदेवांनी माझ्या आरशात बघून फेटा नीट केला असेल, त्याची गणतीच नाही. धुळाजींचा मुलगा सुग्रीव तर माझ्या टाकीवर बसूनच मोठा झाला. शिंगं धरावीत तसा तो माझं हँडल धरायचा आणि तोंडानं माझ्यापेक्षा मोठा आवाज काढायचा.

पुढं बटण दाबलं की सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. सुग्रीवनं तशीच एक घेतली. धुळाजींचा गुडघा कुरकुरायला लागला, मला किक मारणं त्यांना जड जाऊ लागलं, आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. उंदरांनी माझ्या वायरी खाल्ल्या. एका तांबड्या कोंबडीनं माझ्या फाटक्या सीटमध्ये अंडी घालायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, तिची सोबत मला आवडायची. पिल्लं बाहेर पडली तेव्हा कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर काहीतरी हललं.

अशातच सुगंधाबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून त्या घरात हिंडू लागल्या. पण पाय वर उचलेना. रिक्षा डांबरी रस्त्यापर्यंतच यायची. शेताकडं जाते ती पांदण खाचखळग्यांची, दगडाधोंड्यांची. बाईंचं शेत सुटलं. धुळाजी संध्याकाळी घरी आले की ओसरीवरच्या बाजेवरून त्या विचारायच्या, "बोरीला बोरं धरली का? विहिरीवरची सुगरण आली का?" धुळाजी सांगायचे. पण ऐकलेलं शेत ते ऐकलेलंच.

आणि मग सुग्रीवच्या डोक्यात मी शिरले. मोबाइलवर जुन्या गाड्या नव्या करणाऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून त्यानं एका सकाळी मला गोठ्यातून बाहेर ओढलं. कोंबडीनं केवढा आरडाओरडा केला! त्यानं माझं एकेक हाड मोकळं केलं. जाम झालेल्या पिस्टनवर डिझेल ओतून ठेवलं. टाकीत बारीक खडी घालून ती खळाखळा हलवली, तेव्हा आतून चहासारखं तांबडं पाणी निघालं. इंजिन जालन्याला नेऊन आतून घासून, बोअर करून आणलं. बायकोच्या स्टीलच्या वाटीत कार्बोरेटर धुतला आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. मला मात्र अंघोळ घातल्यासारखं वाटत होतं.

एक दिवस त्यानं ग्रायंडर सुरू केला आणि माझं मागचं मडगार्ड कापून टाकलं. ठिणग्या उडालेल्या पाहून धुळाजी धावत आले.

"तिचं शेपूट का तोडलं रे?"

"फॅशन हाय, दादा. संभाजीनगरात अशाच गाड्या चालून राह्यल्या. काळी करणार, सिंगल सीट लावणार."

"मंग संभाजीनगरातली आण. माही कापू नको."

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. धुळाजी दोन्ही वेळची भाकर शेतातच खाऊ लागले. सुग्रीव तोंड पाडून माझे नट आवळायचा आणि पुन्हा सैल करायचा. जिनं घरादाराला पाठीवर वाहिलं, तिच्यावरूनच घर दुभंगलं. सगळे भाग विखुरलेले, मी अंगणात पोत्यावर पडले होते. मनात आलं, यापेक्षा गोठाच बरा होता.

सुगंधाबाई बाजेवरून सगळं बघत होत्या. एका सकाळी त्यांनी मुलाला हाक मारली.

"सुग्रीव, ह्या गाडीवर मागं कोण बसणार?"

"सिंगल सीट हाय, आई. मागं कुणीच न्हाई."

"मंग मी कुठं बसू?"

सुग्रीवनं हातातला पाना खाली ठेवला.

"माहा पाय मोडला, शेत बघायची हौस न्हाई मोडली," बाई म्हणाल्या. "तू तिला कापतो, जोडतो, सारं करतो. मंग माह्या बसायचं तेवढं होत न्हाई का तुह्याच्यानं?"

स्वयंपाकघरातून सुग्रीवची बायको मोनिका बाहेर आली. तिच्या वडिलांचं भोकरदनला वेल्डिंगचं दुकान होतं. तिनं पिठाच्या हातानं शहाबादी फरशीवर एक गोल काढला, त्याच्या पुढं आणखी एक, आणि बाजूला तिसरा. "आत्याबाई, हे तिसरं चाक बाजूला लावायचं. त्याच्यावर खुर्ची. पाय वर उचलायचं कामच न्हाई, घरात बसल्यासारखं बसायचं."

"वेल्डिंग कोण करीन?" सुग्रीवनं विचारलं.

"माहेरी मी काय नुसत्या रांगोळ्याच काढल्या का?"

माहेराहून मशीन आलं. मोनिका पदर खोचून, डोळ्यांवर काच धरून कामाला बसली. आधी तिनं माझं मडगार्ड जागच्या जागी जोडून दिलं. धुळाजी येता-जाता लांबून बघायचे, बोलायचे नाहीत. पण एका दुपारी ते शेतातली जुनी लोखंडी बाज डोक्यावर घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवून सुनेला म्हणाले, "हिचे पाईप मजबूत हायत. घे." त्या पाइपांची चौकट झाली. चाक स्कूटरचं, बैठक जुन्या ट्रॅक्टरची, वर घोंगडीची घडी. रंगावरून पुन्हा वाद नको म्हणून बाईंनाच विचारलं. मी तांबडी राहिले आणि माझं नवं अंग झेंडूसारखं पिवळं झालं.

चाचणीला बाईंच्या जागी हरभऱ्याचं पोतं बसवलं. सुग्रीवनं किक मारली. पहिल्यांदा मी नुसती खोकले. दुसऱ्यांदा धूर सोडला. तिसऱ्यांदा फट्, फट्, फटफटफट! केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! बायाबापड्या दारात आल्या. पण सुग्रीवनं सरळ जायला सांगितलं आणि मी निघाले पिवळ्या अंगाकडं. त्यानं हँडल ओढलं, मी ऐकलं नाही, आणि आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि पोतं, शेजारच्या गोजरबाईंच्या कडब्याच्या गंजीत शिरलो.

आणि मग कुणीतरी खदखदून हसलं. ते धुळाजी होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गंजीत हात घालून लेकाला बाहेर ओढलं.

"लागलं का रे?"

"न्हाई, दादा."

"चौकट तीनच ठिकाणी बांधली, म्हणून वढून राह्यली. चौथा बोल्ट पायजे. न्हाई का गं, मोनिका?"

"व्हय मामा, मी बी तेच सांगत व्हते."

संध्याकाळपर्यंत बापलेक माझ्याखाली शेजारी शेजारी उताणे पडून होते. एक पाना मागायचा, दुसरा द्यायचा. किती दिवसांचं राहिलेलं बोलणं माझ्या पोटाखाली झालं! त्यातलं अर्धं माझ्याबद्दल होतं, अर्धं नव्हतं. ते मी सांगणार नाही.

हुरड्याच्या दिवसांत आम्ही निघालो. किक सुग्रीवनं मारून दिली, हँडल धुळाजींनी धरलं. सुगंधाबाई सून-मुलाचा हात धरून पिवळ्या बैठकीत सावकाश टेकल्या, मांडीवर शाल घेतली आणि म्हणाल्या, "चला." पांदणीचे दगड मी जपून चुकवले. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. बाईंनी हात लांबवला, आणि पानं त्यांच्या तळव्याला घासत मागं गेली. मग मान वळवून त्या नवऱ्याकडं बघू लागल्या आणि बघतच राहिल्या.

"अवो, तुमचं त्वांड हालून राह्यलंय. कुणाशी बोलता?"

धुळाजी लाजले. "कुणाशी न्हाई. ओवी म्हणून राह्यलो."

"गाडीवर? कव्हापासून?"

"गाडी घेतली तव्हापासून."

"अगं बाई! इतकी वर्सं मी मागं बसले, मला तुमची नुसती पाठ दिसली," सुगंधाबाई म्हणाल्या. "अन् फटफटीच्या आवाजात ऐकू तरी काय येणार? मंग आता मोठ्यानं म्हणा की!"

आणि धुळाजींनी मोठ्यानं म्हटली. गळा भसाडा, सूर इकडचा तिकडं. पण बाई मांडीवर ठेका धरत होत्या, आणि माझं इंजिन आपोआप त्या ठेक्यात आलं. बांधावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. या वेळी एकही पळाली नाही.

आता मी रोज शेतावर जाते. सुग्रीव माझी चेन पुसतो, मोनिका जोड तपासते. तिच्याकडं आता आसपासच्या वाड्यांतून माणसं येतात. म्हाताऱ्या आईसाठी, अधू भावासाठी असंच काही करून मागतात. तुमच्याही गोठ्यात माझी एखादी बहीण धूळ खात उभी असेल. तिला बाहेर काढा, पण ग्रायंडर हातात घेण्याआधी घरात विचारा, कुणाला कुठं जायचं राहिलंय.

बरं, येते मी. गोजरबाई शाल पांघरून दारात उभ्या आहेत. कडब्याची भरपाई म्हणून आज पिवळ्या बैठकीचा मान त्यांचा आहे, आणि कधीची त्यांची एकच घाई चाललीय, "ए फटफटे, चल की जल्दी!"