नखांतले निळे

हेमंताचे ऊन तलावावर उतरले होते. मधुपिंगट, मंदगती, किंचित थकलेले ऊन. धान कापून झाले होते, ओस बांध्यांतून पिवळे खुंट तेवढे उरले होते, आणि त्या पिवळ्या विस्तारापलीकडे पाणी पसरले होते. निश्चल, नीलधूसर, निःशब्द.

तलावाकाठच्या त्या घराच्या ओसरीवर आनंदराव टेंभुर्णे पत्नीचा हात हातात घेऊन बसले होते.

यशोधराबाईंचा हात. शिवण शिकवण्यात सारी उमर घालवलेला, सुईसारखा सरळ, रेशमासारखा शांत हात. त्या हाताकडे बघत कितीतरी मुली टाका घालायला शिकल्या. वर्गात बाई येत, आणि बाईंच्या आधी त्यांची जांभळी नखे येत. पिकल्या जांभळाचा तो गर्द, गहिरा रंग त्यांनी कधी उतरू दिला नव्हता.

परवा नागपूरच्या इस्पितळात त्यांच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. छाती उघडणार, डॉक्टर म्हणाले. यशोधराबाईंनी ऐकून घेतले. काही वेळ हृदय थांबवणार, म्हणाले. तेही ऐकून घेतले.

"आणि नखांवर रंग नको. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतो आम्ही. नखंही दिसायला हवीत."

तेव्हा मात्र त्यांनी बोटे पदराखाली ओढून घेतली.

घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "अहो, उघड्या नखांनी जायला कसंसंच वाटतं."

म्हणून आनंदराव सकाळी बाजारात गेले होते. जन्मभर टपालाच्या थैल्या उपसलेला माणूस, टिकल्या-बांगड्यांच्या झगमगत्या दुकानात अवघडून उभा राहिला. रंगाशिवाय नखे चमकतील असे काही आहे का, त्यांनी विचारले. दुकानातल्या मुलीने पुष्कळ काही पुढे मांडले. लोखंडी कानस तिनेच बाजूला सारली, वयस्क नखांना ती सोसायची नाही म्हणाली, आणि एक हलका, चौकोनी ठोकळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"खरखरीत बाजू अगदी हलक्या हातानं, काका, एकाच दिशेनं. मग ही मऊ बाजू. शेवटी ही गुळगुळीत, हिनंच चमक येते. जास्त घासू नका, नख पातळ होतं." मग हसून तिने विचारले, "काकूंना लग्नाला जायचंय का?"

"हो," आनंदराव म्हणाले.

आता कापसाच्या बोळ्याने ते रंग पुसत होते. एक बोट, दुसरे बोट. जांभळा रंग विरघळत होता, कापूस माखत होता, नख उघडे होत होते.

आणि उघड्या नखाखाली निळे होते.

मुळाशी, मांसात मुरलेले, मेघमलिन निळे. अंगठ्यात होते, तर्जनीत होते, करंगळीतही होते. किती दिवस हे या रंगाखाली साचत राहिले? किती दिवस आपण जांभळी नखे बघत राहिलो, आणि खाली हे भरत गेले? आनंदरावांनी ठोकळ्याची खरखरीत बाजू लावली आणि ते घासू लागले. पुढे, मागे, पुढे, मागे. मुलीचे सांगणे विसरले, दिशा विसरली, हलका हात विसरला. भुकटी उडत होती, नख तापत होते. निळे तसेच होते.

यशोधराबाईंनी हात हळूच सोडवून घेतला.

"भाजतंय मला. घासून जायचं नाही ते. आतलं आहे."

आनंदरावांची मान खाली गेली.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "काल तुमच्या जेवणाचा विचार करत होते. मी नसले तर तुम्ही खाल काय, कुणाला सांगाल काय." त्यांनी हात पुन्हा पुढे केला. "करा. मऊ बाजूनं."

मग मऊ बाजू फिरली. मग गुळगुळीत बाजू फिरली. भिणारा हात भिणाऱ्या हातात होता, आणि उतरत्या उन्हात एकेक नख उजळत होते. बिनरंगाचे, निळसर, तरी लखलखीत.

परवाचा दिवस इस्पितळाच्या बाकावर सरला. दार उघडे, दार मिटे. हिरव्या कपड्यांतली माणसे येत, जात. प्रत्येक पाऊल आपल्याकडेच येते आहे असे आनंदरावांना वाटे, आणि ते पुढे निघून जाई. तेवढ्या वेळात त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही.

सायंकाळी परिचारिकेने त्यांना आत नेले. नळ्यांच्या जाळीत यशोधराबाई निजल्या होत्या. चेहरा मेणासारखा, पापण्या मिटलेल्या. आनंदरावांचे पाऊल उंबऱ्यातच अडले.

"या ना, जवळ या," परिचारिका म्हणाली. तिने यशोधराबाईंचा अंगठा उचलला, चमकत्या नखावर बोट दाबले आणि सोडले. "हे बघा."

नख पांढरे पडले. शंखासारखे, शुष्क, शुभ्र. आणि मग, मुळापासून, कडेकडेने, हलके हलके, नखात गुलाबी भरत आले. भरत आले, पसरत गेले, टोकापर्यंत पोचले.