शेवटचं नान

बिश्केकच्या बाजारातलं आमचं चपलांचं दुकान बुडालं, तेव्हापासून वसुलीवाला सागिनबेक रोज दारात यायचा, पण घरात पाऊल टाकायचा नाही. आमच्यात ज्या घरचं नान खाल्लं, त्या घराचं वाईट करत नाहीत. म्हणून मेला बाहेरूनच ओरडायचा आणि माझा नवरा आत तोंड लपवून बसायचा.

आज मी घरातलं शेवटचं नान घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

"भावजी, आधी तुकडा तोडा, मग बोला."

त्याने तुकडा मोडून खाल्ला. मला वाटलं, सुटलो.

"वहिनी, आता मी येणार नाही," तो म्हणाला. "उद्या दुसरा येईल. तो पोटभर जेवेल आणि तरीही घराला कुलूप ठोकेल."