दादांच्या श्वासाची जागा

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की गोष्ट अर्धीच पोचते. एका कोटाची आणि एका श्वासाची गोष्ट सांगतो. उठाल तेव्हा काहीतरी गाठीला लागलेलं असेल, एवढा माझा शब्द.

आमच्या काचकारखान्याचा एक बँड होता. ‘होता’ म्हणताना अजून जीभ अडखळते. भट्टीपुढे लांब नळी तोंडाला लावून बाटल्या फुगवणारी माणसं ती; दिवसभर काचेत फुंकायची आणि संध्याकाळी पितळेत. बाटल्या पेंढ्यात बांधायच्या खोलीत तालीम चाले. त्या ओलसर पेंढ्याचा वास आजही कुठे आला, तर माझे पाय आपोआप ताल धरतात.

भट्टीचे मुकादम तेच बँडचे मास्तर. मुख्य कॉर्नेट, म्हणजे ते आखूड पितळी तुतारीसारखं वाद्य, वाजवायचे ते त्यांचे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. सगळा कारखाना त्यांना दादाच म्हणे.

दरवर्षी हौशी बँडांची स्पर्धा भरायची; पहिल्या येणाऱ्याला मानाची ढाल मिळे. वाजवण्यावर पोट भरणारा माणूस बँडात चालायचा नाही. परीक्षक कापडी तंबूत बसायचे. कोण वाजवतंय ते दिसू नये, नुसतं ऐकू यावं. अकरा वर्षं आमचा बँड दुसरा नाहीतर तिसरा आला, आणि बाराव्या वर्षी मास्तरांच्या मनात कली शिरला.

एका दुपारी त्यांनी दादांचा बँडचा कोट बायकोपुढे टाकला. “बाह्या दोन बोटं आखूड कर.”

“का, दादाचे हात आखडले?”

“दादांना यंदा विश्रांती. दम पुरत नाही गं त्यांना. लांब सुराच्या मधेच श्वास घेतात. शहरातल्या हॉटेलात रोज वाजवणारा एक जण येतोय.”

“आणि तो हौशी?”

“यादीत तो आपल्या बाटल्या बांधणाऱ्यांत आहे. एका दिवसापुरता. अगं, सगळेच बँड असा पाहुणा आणतात.”

तिने सुईत दोरा ओवला. “बाह्या मी आखूड करीन. पण दादाला तुम्ही सांगा. ते सुईचं काम नाही.”

मास्तरांनी सांगितलं. दादांनी कॉर्नेट फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं आणि म्हणाले, “बरं केलंत. ढाल यायला हवी एकदा. आणि वाद्यांच्या पेट्या सांभाळायला कुणीतरी लागतंच की.”

पाहुणा स्पर्धेच्या सकाळी थेट मैदानावर उतरला. एवढ्या पट्टीच्या वादकाला तालीम कशाला, असं मास्तरांना वाटलं. माणूस गोड होता, बोटं तर लोण्यासारखी. पहिला भाग असा रंगला, की मास्तरांना ढाल भिंतीवर लागलेली दिसायला लागली.

मग संथ भाग आला. त्यात एक लांबलचक सुरावट होती, आणि तिच्या ऐन मध्यावर दादा श्वास घ्यायचे. कागदावर तिथे विरामाची खूण नव्हती. पण इतकी वर्षं दादांच्या मागून वाजवून सगळ्या बँडला तिथेच श्वास घ्यायची सवय जडली होती. कुणाच्या ध्यानातही नव्हतं ते.

ती जागा आली. तेवीस जणांनी एकदम श्वास घेतला. पाहुणा थांबला नाही. त्याचा एकट्याचा सूर मैदानावर उघडा पडला, दोरीवर एकच सदरा वाळत असावा तसा. तो बिचारा दचकला. त्याला वाटलं, आपलंच चुकलं.

ढाल भलत्याच बँडला गेली, आमचा तिसरा आला. परीक्षकांनी मास्तरांना तंबूत बोलावलं. परीक्षक म्हणजे एक वयस्कर संगीतशिक्षक, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल.

“तुमच्यात पाहुणा कोण होता?”

“सगळे आमचेच आहेत साहेब.”

“तेवीस जणांना श्वासाची जागा ठाऊक होती. एकाला नव्हती.”

मास्तर म्हणाले, “म्हणजे त्याचंच चुकलं ना?”

“छे. कागदाबरहुकूम त्यानेच वाजवलं. चुकलात तुम्ही सगळे. पण असली चूक एका दिवसात जमत नाही हो, त्याला वर्षं जावी लागतात. कुणाच्या श्वासाची जागा ती?”

“माझ्या मेहुण्यांच्या.”

“आणि ते कुठे आहेत?”

“बाहेर. पेट्या सांभाळतायत.”

परीक्षकांनी वही मिटली. “मास्तर, मी इथे बसतो तो चुका मोजायला, खरं आहे. पण हौशी म्हणजे कच्चा, असं समजू नका. देवाने प्रत्येकाला मोजके श्वास दिलेत. त्यातले काही जो आपल्या माणसांसाठी खर्ची घालतो, तो हौशी. त्याच्या जागी दुसरा आणून बसवता येतो, पण ती जागा भरत नाही. यादीतलं खोटं नाव मी खोडू शकतो. तुम्ही खोडलंत तर जास्त शोभेल.”

मास्तर उठले. समितीच्या टेबलाशी जाऊन सगळ्यांदेखत त्यांनी ते नाव खोडलं, आणि तिसऱ्या क्रमांकाची पाटीही परत केली. मग पेट्यांपाशी आले. दादा म्हणाले, “संथ भागात काय झालं हो? मोकळं मोकळं वाटलं.”

“तुम्ही नव्हता ना, दादा.”

पुढल्या वर्षी बाह्या पुन्हा सोडल्या. दादा वाजवायला होते आणि आमचा बँड चौथा आला. परीक्षकांच्या शेऱ्यात एवढंच होतं: ‘श्वास जागेवर.’ मास्तरांनी तो कागद तालमीच्या खोलीत, ढालीसाठी ठोकून ठेवलेल्या खिळ्याला लावला.

मंडळी, ‘सगळेच करतात’ हे वाक्य आपल्याही ओठांवर असतं. जिंकण्यासाठी आपण उसना सूर आणतो आणि आपल्या माणसाला पेट्यांपाशी बसवतो. तसं करू नका. आपल्या माणसांसह हरलेलं अंगी लागतं.

दादा गेले, भट्टीही विझली. पण बँड होता तोवर सगळे त्या जागी श्वास घेत राहिले. म्हणून सांगतो, कुठे एखादा बँड ऐकाल आणि सुराच्या मधेच, कारण नसताना, सगळे क्षणभर थांबले तर हसू नका; त्यांचाही कुणी दादा असेल. तेवढ्यात आमच्या दादांची एकदा आठवण काढा.